रंग कालवणारे हात

शहरातला माणूस रंग मिसळतो. आमच्या कुडाळाकडे गणपतीच्या शाळेत रंग कालवतात. ताकात पीठ कालवावे, आमटीत भात कालवावा, तसा. शब्दकोशात हे दोन शब्द शेजारी बसत असतील, पण कालवण्याला पाच बोटे लागतात आणि मिसळण्याला काडीसुद्धा पुरते, हा भेद लहान नव्हे. तांबडा, पिवळा आणि निळा ह्या तिघांपासून बाकीची रंगसृष्टी निघते, हे आज चौथीतले पोरही घडाघडा म्हणून दाखवते. ते माणसाला प्रथम कळले कसे, आणि मुलांना ते कळावे म्हणून त्यांच्या हाती माती कधी आली, त्याची हकीकत मला सांगायची आहे. ती बोटांचीच हकीकत आहे.

प्रथम ‘शाळे’चा खुलासा करतो. मुंबईत गणपतीचा कारखाना असतो. दक्षिण कोकणात त्याच जागेला गणपतीची शाळा म्हणतात. एखाद्या घराची लांबलचक पडवी, नाहीतर अंगणातला मांगर, तीच शाळा. पावसाळा लागला की घरोघरचे पाट तिथे जातात. दर वर्षी त्याच पाटावर त्या घरचा गणपती घडतो आणि चतुर्थीला त्याच पाटावर बसून घरी येतो. माझ्या लहानपणी, साठएक वर्षांपूर्वी, जेव्हा आमचा मुलूख अजून रत्नागिरी जिल्ह्यात होता (सिंधुदुर्ग जिल्हा झाला तो १९८१ च्या १ मेला), तेव्हा खऱ्या शाळेपेक्षा ह्या शाळेत आमची हजेरी अधिक भरे. हजेरीपट नव्हता, म्हणूनच ती भरत असावी.

पोरांना मूर्तीला हात लावू देत नसत. माती तुडवणे, खडे वेचणे, करवंट्या धुणे ही आमची कामे. रंग करवंट्यांतून असत. पण आमच्या शाळेतल्या वृद्ध मूर्तिकाराची एक रीत होती. श्रावणात, रंगकामाला सुरुवात होण्याआधी, तो प्रत्येक पोराच्या हातावर शाडूचा लिंबाएवढा गोळा ठेवी, त्यावर चिमटीने कोरडी पिवडी टाकी आणि मळायला सांगे. मग दुसऱ्या गोळ्यात नीळ. मग ते दोन्ही गोळे एकत्र करायचे. पहिल्या दोन वळशांत पिवळ्यानिळ्या शिरा दिसत. पाचव्या-सहाव्या वळशाला शिरांच्या कडा हिरवट होत, आणि तळहात दुखू लागला की सगळा गोळा शेवाळी हिरवा. म्हातारा मान वर न करता म्हणे, “झिला, आदी पिवळो घे, मगे निळो चिमटीभर. उलटा केलंस तर सगळी पिवडी संपतली.” ह्या एका वाक्यात काय भरले आहे, ते पुढे चित्रकला शिकवायला लागल्यावर माझ्या ध्यानात आले. गडद रंगाची ताकद फिक्याच्या अनेक पट असते, म्हणून फिक्यात गडद घालावे, गडदात फिका घालत बसू नये. पुस्तकात हा नियम वाचून विद्यार्थी विसरतात. ज्याने एकदा निळ्या गोळ्यात पिवडी ओतून मूठभर पिवडी खलास केली आहे, तो विसरत नाही.

शाडूच का, असे कोणी विचारील. मूर्तीची माती तर शेताततळ्यातून येई. कारण साधे आहे. शेतातली माती स्वतःच एक रंग आहे. तिच्यात लोह आहे, ती काळपट करडी आहे. तिच्यात पिवडी घातली की पिवडीच नाहीशी होते. शाडू पांढरट. तो गुजरातेकडून येणारा, म्हणून जपून वापरायचा, पण रंगाला तो आपले अंग देतो. ज्या पांढऱ्यावर रंग उठतो तो पांढराही रंगाचाच भाग, हा दुसरा धडा. मूर्तीला आधी पांढरा हात देऊन मगच रंग चढवतात, त्याचेही मर्म हेच.

हे रंग आले कुठून? बरेचसे पायाखालून. आमच्याकडे जांभा दगड आहे आणि जांभ्याची माती आहे. पावसाळ्यात धोतराचे काठ तीन महिने तांबडे असत. हा तांबडेपणा लोहाच्या गंजाचा. गेरू म्हणजे तोच गंज, आणि पिवडी म्हणजे पाणी धरून बसलेला गंज. पिवडी निखाऱ्यावर भाजली तर तिच्यातले पाणी निघून जाते आणि ती तांबडी होते. कुंभाराच्या भट्टीत मातकट मडके लाल होऊन निघते, त्यातही करामत लोहाचीच. गंमत अशी की, पिवडीतल्या ह्या खनिजाला युरोपातल्या शास्त्रज्ञांनी १८०६ साली ‘गोएथाइट’ असे नाव दिले, ते जर्मन महाकवी गटे याच्या नावावरून. त्याला खनिजांचा नाद होता. आणि चारच वर्षांनी, १८१० मध्ये, त्याच गटेने रंगांवर एक जाडजूड ग्रंथ छापून न्यूटनशी भांडण मांडले! आपल्या नावाची माती जगातल्या अर्ध्या चितारांच्या करवंटीत आहे, ह्याचे त्याला काय वाटले असते कोण जाणे.

हिंगूळ पाऱ्याचा आणि हरताळ सोमलाचा, दोन्ही देखणे, दोन्ही विषारी. आमच्या म्हाताऱ्याने ते पोरांच्या हाती कधी दिले नाहीत. नीळ मात्र सर्रास असे. ही रोपाची नीळ नव्हे, कपड्यांना देतात ती. अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणीतून निघणारा राजावर्त कुटून पूर्वी जो निळा रंग करीत, तोच रंग फ्रान्समधल्या गीमे नावाच्या रसायनज्ञाने १८२८ च्या सुमारास भट्टीत केला. जो रंग एके काळी सोन्याच्या भावाने विकला जाई, तो शंभर वर्षांत कुडाळच्या बाजारात पुडीतून मिळू लागला आणि धोतरे पांढरी करण्याच्या कामी लागला.

एक प्रयोग मात्र म्हातारा फक्त आमच्या करमणुकीसाठी करी. शाडूच्या गोळ्यात हळद मळायला देई. गोळा पिवळाधमक झाला की आपल्या पानाच्या डबीतला चुना नखभर त्यावर लावी आणि म्हणे, मळा. पिवळ्यात पांढरे, म्हणजे फिका पिवळा व्हायला हवा. होई तो कुंकवासारखा तांबडा! आम्ही आ वासून पाहत राहत असू. पण विचार केला तर हा फार मोठा भेद तो शिकवीत होता. पिवडी आणि नीळ एकत्र आल्या तरी पिवडी ती पिवडी आणि नीळ ती नीळ. दोघींचे कण शेजारी नांदतात. हळद आणि चुना एकत्र आले की हळदच बदलते. एक कालवणे, एक पालटणे. आपल्या बायका हळदीचे कुंकू कैक पिढ्या करीत आल्या आहेत. त्यांना हे कोणी सांगावे लागले नाही.

आता जरा दूर जाऊ. पिवळा आणि निळा मिळून हिरवा, हे युरोपातल्या रंगाऱ्यांनाही ठाऊक होते. कापडाला हिरवा रंग देणारी टिकाऊ वनस्पती सहसा मिळत नाही, म्हणून रंगारी आधी निळीत आणि मग पिवळ्यात कापड बुडवीत. आपल्याकडेही निळीवर हळद किंवा डाळिंबाची साल चढवीत. परंतु तीनच रंगांतून सारे रंग काढता येतात हे छातीठोकपणे सांगून करून दाखवले ते एका छापणाऱ्याने. याकोब क्रिस्टोफ ल ब्लॉन हा १६६७ साली फ्रँकफुर्टला जन्मला. चित्राच्या तीन तांब्याच्या पट्ट्या करायच्या, एक निळीसाठी, एक पिवळ्यासाठी, एक तांबड्यासाठी, आणि एकाच कागदावर एकीवर एक उठवायच्या, ही त्याची युक्ती. १७२५ च्या सुमारास लंडनमध्ये त्याने ‘कोलोरित्तो’ नावाचे लहानसे पुस्तक काढून ती जगाला सांगितली. कंपनी काढली, ती बुडाली. १७४१ साली तो पॅरिसला वारला. पण आज वाचकांच्या हातात असलेल्या दिवाळी अंकाचे मुखपृष्ठ त्याच्याच युक्तीवर छापलेले असते. भिंग घेऊन पाहा: आकाशी निळा, किरमिजी, पिवळा आणि काळा, ह्या चारांचे ठिपके दिसतील.

ल ब्लॉनच्या आधी न्यूटन होऊन गेला होता. त्याने लोलकातून ऊन फोडले, १६७२ मध्ये ते जाहीर केले आणि १७०४ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. त्याच्या हिशेबी सारे रंग एकत्र आले की पांढरा. ल ब्लॉनच्या हिशेबी सारे रंग एकत्र आले की काळा. दोघेही खरे बोलत होते, आणि ह्या कोड्याने पुढची सव्वाशे वर्षे विद्वानांना छळले. १८५२ साली हेल्महोल्ट्झ ह्या जर्मन शास्त्रज्ञाने गाठ सोडवली. प्रकाशात प्रकाश घातला की बेरीज होते. रंगाच्या भुकटीत भुकटी घातली की वजाबाकी होते. पिवडी उजेडातला निळाजांभळा भाग गिळते. नीळ तांबडापिवळा गिळते. दोघींनी मिळून खाल्ल्यावर ताटात जे उरते ते हिरवे! तिसरा रंग घातला की तेही जाते आणि हातात येतो चिखल. पोरे सगळे रंग एकत्र मळतात आणि ‘घाण झाला’ म्हणून रडतात, तेव्हा त्यांनी हेल्महोल्ट्झच सिद्ध केलेला असतो. १८५५ मध्ये मॅक्सवेलने पिवळ्यानिळ्या फाका जोडलेली चकती भिंगरीसारखी फिरवून दाखवली. तिच्यात हिरवा येत नाही. मळकट गुलाबीसर करडा दिसतो. चकती डोळ्यात मिसळते, मातीचा गोळा हातात मिसळतो.

म्हणून मला वाटते, रंगमिश्रण हा विषय फळ्यावरच्या रंगचक्राने शिकवू लागलो तिथेच वाट चुकली. आपल्याकडे सर ज. जी. कलाशाळा १८५७ साली मुंबईत निघाली, पुढे चित्रकलेच्या सरकारी परीक्षा आल्या आणि त्यांच्याबरोबर सहा फाकांचे ते चक्रही गावोगाव पोचले. मी स्वतः वर्षानुवर्षे ते मुलांकडून रंगवून घेतले आहे. मुले ते सुबक काढतात. पण त्यातला नारिंगी ती बहुधा नारिंगीच्या वडीतून घेतात, कारण पेटीत ती असते!

ह्या उलट बाजूने विचार करणारी माणसेही निघाली. फ्रोबेलने १८३७ साली जर्मनीत बाड ब्लांकेनबुर्गला लहान मुलांसाठी संस्था काढली, तीच पुढे किंडरगार्टन म्हणून प्रसिद्ध झाली. त्याने मुलांना पहिली भेट म्हणून लोकरीचे सहा चेंडू दिले: तांबडा, पिवळा, निळा, आणि त्यांच्यातून निघणारे नारिंगी, हिरवा, जांभळा. नाते दाखवले खरे, पण चेंडू तयार होते. हिरव्याचा जन्म मुलाने पाहिला नव्हता. मातीकाम फ्रोबेलच्या उद्योगांत होतेच, पण माती आपली मातीच्या रंगाची. रंगीत माती मुलांच्या हाती यायला आणखी पन्नाससाठ वर्षे लागली. म्यूनिचमधल्या फ्रांझ कोल्ब ह्या औषधविक्याने १८९० च्या सुमारास न सुकणारी माती केली. तिथल्या थंडीत शिल्पकारांची ओली माती घट्ट होऊन बसे, ही त्यांची तक्रार होती म्हणे. इंग्लंडात बाथ गावी विल्यम हार्बट नावाचा कलाशिक्षक होता. त्यानेही १८९७ मध्ये खडूची भुकटी, व्हॅसलीनसारखा चिकट पदार्थ आणि मेदाम्ल एकत्र करून तसाच गोळा केला. तो होता विद्यार्थ्यांसाठी. पण खरे गिऱ्हाईक निघाली लहान मुले. १९०० मध्ये शेजारच्या बाथॅम्प्टनला कारखाना निघाला, करड्याबरोबर रंगीत कांड्या आल्या आणि ‘प्लॅस्टिसिन’ जगभर गेले.

अमेरिकेतली कथा तर आपल्या स्वयंपाकघरात शोभेल अशी. सिनसिनाटी शहरात एक कारखाना भिंतीच्या कागदावरची कोळशाची काजळी पुसण्याचा कणकेसारखा गोळा करीत असे. घरोघरी कोळसा जाऊन गॅस आला, गोळा खपेना. तेव्हा मालकाच्या नात्यातल्या एका बालवाडीच्या बाईंनी, के झुफॉल त्यांचे नाव, तो मुलांच्या हाती देऊन पाहिला. १९५६ मध्ये तो ‘प्ले-डो’ म्हणून बाजारात आला. होता काय? पीठ, मीठ आणि पाणी! आधी तो एकाच पांढरट रंगात होता, मग तीन रंग निघाले: तांबडा, पिवळा, निळा. ल ब्लॉनचे तिन्ही रंग अखेर डब्यात बसून मुलांपुढे आले. पण आज डबे डझनांनी येतात, त्यांत हिरवा, जांभळा, गुलाबी सारे हजर. आई सांगते, रंग एकमेकांत मिसळू नकोस, खराब होतील. तिचेही चूक नाही, पैसे तिने मोजलेले असतात.

आपल्याकडे हा विचार विकतच्या डब्याशिवाय करून दाखवला तो ताराबाई मोडक यांनी. गिजुभाई बधेका यांच्याबरोबर १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ काढणाऱ्या ताराबाई १९४५ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला गेल्या, तिथे अनुताई वाघ त्यांना मिळाल्या, आणि १९५७ मध्ये दोघींनी कोसबाडच्या टेकडीवर मुक्काम हलवला. मॉंटेसरीबाईंची साधने सुंदर खरी, पण महाग. वारल्यांच्या मुलांना ती कुठली? मग शंखशिंपले, बिया, पाने, खडे आणि माती हीच साधने झाली. शहरी शाळेत विकत आणावे लागते ते गावच्या अंगणात पडलेले असते, हे त्यांनी ओळखले. कोकणातल्या गणपतीच्या शाळेला बालशिक्षणाची शाळा असे कोणी म्हटले नाही एवढेच. बाकी तिथे चालत होते ते ह्याच जातीचे.

आमच्या कुडाळाजवळ पिंगुळी आहे. तिथल्या ठाकर समाजाची चित्रकथी सावंतवाडीकर सावंत-भोसल्यांच्या आश्रयाने वाढली. रामायण-महाभारतातले प्रसंग कागदावर काढून, पोथी बांधून, गात गात दाखवायचे. तिथल्या परशुराम गंगावणे यांनी २००६ मध्ये घरच्या गोठ्यात संग्रहालय उभे केले आणि २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तिथल्या जुन्या चित्रांत रंग मोजकेच, माती-वनस्पतींतले, आणि तरी चित्र दरिद्री दिसत नाही. सावंतवाडीच्या चितारआळीतला लाकडी आंबा घ्या. देठाजवळचा हिरवा कुठे संपतो आणि पिवळा कुठे सुरू होतो, ते बोट ठेवून दाखवता येणार नाही. हे सारे एकाच मुलखातल्या हातांचे काम आहे, आणि ते हात लहानपणी कुठेतरी गोळे मळत बसलेले होते.

आज गणपतीच्या शाळांत रंगाचे डबे तयार येतात. मूर्तीच्या अंगाचा रंगसुद्धा डब्यात मिळतो. पांढऱ्यात पिवळा आणि तांबड्याचा नुसता वास, हे प्रमाण कोणाला हाताने ठरवावे लागत नाही. फवारणीच्या यंत्राने एका सकाळी वीस मूर्ती होतात. मी त्या कारागिरांना दोष देत नाही. चतुर्थीची तारीख त्यांच्यासाठी थांबत नाही, आणि मुंबईहून येणाऱ्या चाकरमान्याला मूर्ती झगझगीत हवी असते. २०२० च्या मे महिन्यात केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने प्लास्टर नको, माती वापरा, रंग निसर्गातले घ्या अशा सूचना काढल्या. माती परत आणणे त्या मानाने सोपे आहे. पिवडीत नीळ किती, हे जाणणारी बोटे सूचनेने येत नाहीत. ती आठव्या वर्षी धरावी लागतात. मी पाहिलेल्या शाळांत श्रावणात आता पोरे दिसत नाहीत. त्यांची शिकवणी असते.

दिवाळीच्या सुटीत मात्र शिकवण्या बंद असतात, आणि घरात पीठ असतेच. दोन वाट्या मैदा, एक वाटी बारीक मीठ, चमचाभर तेल आणि लागेल तसे पाणी घेऊन घट्ट गोळा मळावा. त्याचे तीन भाग करावे. एकात हळद, दुसऱ्यात किसलेल्या बिटाचा रस, तिसऱ्यात गोकर्णाची निळी फुले कोमट पाण्यात चुरून काढलेला रंग. (कपड्याची नीळ लहान मुलांना देऊ नये, हात तोंडात जातात.) रसाने गोळा सैल झाला तर वर थोडा मैदा भुरभुरावा. आणि इथे आमच्या म्हाताऱ्याचा नियम उलटतो हे लक्षात ठेवा. गोकर्णाचा निळा हा निळीसारखा जबर नाही, हळदच त्याच्यावर स्वार होते. तेव्हा निळा गोळा लिंबाएवढा असेल तर पिवळा हरभऱ्याएवढाच घ्यावा, आणि मुलांना मळू द्यावे. शिरा दिसत असताना थांबवू नये. आजोबांची पानाची डबी मात्र जवळ असू द्यावी, आणि हळदीचा थोडा गोळा चुन्यासाठी आधीच वेगळा काढून ठेवावा. चुन्याला मोठ्यांनीच हात लावावा, आणि तो गोळाही त्यांनीच मळावा.